छातीतून काढली, कागदावर चढली नाही

२९ सप्टेंबरचा जागतिक हृदयदिन वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना दरवर्षी एक ठरावीक मजकूर पुरवतो, आणि या आठवड्यातील पुरवण्यांनीही ती परंपरा इमानेइतबारे पाळली: हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने ‘इम्युनिटी’ टिकवण्यासाठी हळदीचे दूध घ्यावे, आवळा खावा, कोवळ्या उन्हात बसावे, आणि या उपदेशाला खेटून च्यवनप्राशाची पाव पान जाहिरात. शस्त्रक्रियेनंतर प्रतिकारयंत्रणेचे काय करावे हे एवढ्या हिरिरीने सांगणाऱ्यांपैकी एकालाही, खुद्द शस्त्रक्रिया त्या यंत्रणेचे काय करते, असा प्रश्न पडलेला दिसत नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग वैद्यकाला चांगलाच परिचित आहे. हृदय उघडून आत काम करायचे, तर ते काही काळ थांबवावे लागते, आणि तेवढ्या वेळात रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत पाठवण्याचे काम हार्ट-लंग मशीन करते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी या यंत्राच्या आधारे एका तरुणीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र यशस्वीपणे बंद केले, तेव्हापासून हीच रीत रुळली. रक्ताला मात्र रक्तवाहिनीच्या अस्तराखेरीज दुसऱ्या कोणत्याही पृष्ठभागाची सवय नसते. प्लॅस्टिकच्या नळ्यांना त्याचा स्पर्श होताच ‘कॉम्प्लिमेंट’ या नावाची, एरवी जंतू फोडण्यासाठी रक्तात सज्ज असणारी प्रथिने कामाला लागतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खवळतात आणि जंतू नसतानाही सर्व शरीरभर दाह उसळतो. १९८३ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात कर्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या कॉम्प्लिमेंटचा एक तुटलेला अंश, ज्याला सी-३-ए म्हणतात, रक्तात जितका अधिक, तितका शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडण्याचा संभव अधिक. या उसळीपाठोपाठ उतार येतो: रक्तातील लिम्फोसाइट पेशींची संख्या काही दिवस घटते, जंतूंचे तुकडे इतर पेशींपुढे मांडून त्यांना सावध करणाऱ्या मोनोसाइट पेशी ते मांडण्याचे काम मंदावतात, आणि नेमक्या याच दिवसांत रुग्णाच्या अंगात नळ्या, सुया आणि ताजे टाके असल्यामुळे जंतूंना आयती वाट मिळते.

एवढे कळल्यावर, यंत्र टाळले किंवा दाह दाबला की रुग्ण वाचतील, हा निष्कर्ष इतका सरळ वाटला की तो पडताळण्याआधीच पुष्कळांनी स्वीकारला. यंत्राशिवाय, धडधडत्या हृदयावर बायपास करण्याची पद्धत भारतात विशेष लोकप्रिय झाली, आणि तिच्या जाहिरातींत ‘प्रतिकारशक्तीवर ताण नाही’ असे आश्वासन आजही आढळते. १९ देशांतील ७९ रुग्णालयांत ४७५२ रुग्णांवर झालेल्या ‘कॉरोनरी’ या चाचणीत, कोणती पद्धत वापरायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवून, दोन्ही गटांची तुलना केली गेली, तेव्हा पहिल्या महिन्यात, वर्षाअखेर आणि पाच वर्षांनंतरही मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे यांच्या एकत्रित हिशेबात ठळक फरक निघाला नाही. स्टेरॉइड देऊन दाह दाबण्याचेही तेच झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्स’ या ७५०७ रुग्णांच्या चाचणीत मेथिलप्रेडनिसोलोनने मृत्यू कमी झाले नाहीत, उलट हृदयस्नायूची इजा अधिक नोंदली गेली. रक्तातील आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, हे तुणतुणे येथे यापूर्वी कोलेस्टेरॉलच्या आणि ड-जीवनसत्त्वाच्या निमित्ताने वाजून गेले आहे. धडधडत्या हृदयाच्या जाहिरातदारांनी ते ऐकले असण्याची शक्यता नाही.

तथापि हे सारे वादळ काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत शमते. न शमणारा परिणाम वेगळाच आहे, तो बहुतांशी तान्ह्या मुलांच्या वाट्याला येतो, आणि त्याचे मूळ यंत्रात नसून छाती उघडण्याच्या कृतीतच आहे.

छातीच्या मधल्या हाडामागे, म्हणजे उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या आवरणावर आणि मोठ्या रक्तवाहिन्यांवर पसरलेली थायमस नावाची दोन पाळ्यांची ग्रंथी असते. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी तिच्यात वाढतात, स्वतःच्याच शरीरावर उलटू पाहणाऱ्या पेशी तिथेच नष्ट केल्या जातात, आणि उरलेल्या ‘टी-पेशी’ या नावाने रक्तात उतरून जन्मभर पहारा करतात. ही ग्रंथी बाळपणी सर्वांत कामसू असते आणि तारुण्यानंतर हळूहळू चरबीत बदलत जाते. तिचे हे काम कळून अजून शतकही उलटलेले नाही. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ते उंदीर संसर्गांना बळी पडू लागले आणि परक्या कातडीचे ठिगळही मुकाट्याने स्वीकारू लागले. तोवर ही ग्रंथी म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला, निरुपयोगी पेशींचा साठा आहे, असाच बहुसंख्य विद्वानांचा समज होता.

त्याआधीच्या अर्धशतकात या ग्रंथीचे जे हाल झाले, ते येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. शवविच्छेदनासाठी येणारी मुले बहुधा दीर्घ आजाराने किंवा उपासमारीने खंगलेली असत, आणि अशा ताणाखाली थायमस आक्रसते हे ठाऊक नसल्यामुळे आक्रसलेली ग्रंथीच प्रमाण मानली गेली. मग अचानक दगावलेल्या धडधाकट बाळाच्या छातीत नेहमीच्या आकाराची थायमस दिसली, की तिनेच श्वासनलिका दाबून जीव घेतला असे निदान होई. या काल्पनिक आजाराला ‘स्टेटस थायमिकोलिम्फॅटिकस’ असे भारदस्त लॅटिन नाव मिळाले, तो टाळण्यासाठी अमेरिकेत हजारो निरोगी बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा केला गेला, आणि १९५० पासून त्या मुलांमध्ये थायरॉइडच्या कर्करोगाच्या नोंदी होऊ लागल्या. ग्रंथी निरुपयोगी आहे असे एक मत आणि ती घातक आहे असे दुसरे, ही दोन्ही मते त्या काळी सारख्याच खात्रीने शिकवली जात होती.

आता शस्त्रक्रियागृहातील प्रत्यक्ष कृती पाहावी. तान्ह्या बाळाची उरोस्थी मधोमध उभी कापून रिट्रॅक्टरने दोन्ही कडा फाकवल्या, की शल्यविशारदाला प्रथम हृदय दिसतच नाही. दिसते ती फिकट गुलाबी, मऊ, कणीदार थायमस, जी वर गळ्याकडे सरकलेली आणि खाली हृदयावर ओघळलेली असते. महारोहिणीत नळी घालायला जागा हवी असते, हृदयातील छिद्रावर लावायच्या ठिगळासाठी आवरणाचा स्वच्छ तुकडा हवा असतो, आणि या दोन्हींच्या वाटेत ही ग्रंथी येते. तिच्या बारीक शिरा जाळून किंवा बांधून एक पाळी किंवा दोन्ही पाळ्या मोकळ्या केल्या जातात, त्या ट्रेमध्ये ठेवल्या जातात, आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे मानवी अवयवांच्या पिवळ्या पिशवीत जातात. त्याच नियमांप्रमाणे त्या पिशवीला बारकोड असतो आणि रोजच्या कचऱ्याचा हिशेबही ठेवावा लागतो. म्हणजे ग्रंथीची नोंद कचऱ्याच्या वहीत होते, आणि ज्याच्या छातीतून ती निघाली त्या बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र होतेच असे नाही.

तिच्यावाचून पुढे काय होते, याचा सर्वांत बोलका दाखला लहान मुलांचा नाही, प्रौढांचा आहे, आणि तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून आलेला आहे. डेव्हिड स्कॅडन यांच्या गटाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, थायमस काढलेल्या ११४६ प्रौढांची तुलना, हृदयाची किंवा छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस जागेवर राहिलेल्या, वय आणि लिंग जुळणाऱ्या रुग्णांशी केली गेली. या मांडणीतच खरी हुशारी आहे. थायमस गमावलेल्या माणसाची तुलना रस्त्यावरच्या निरोगी माणसाशी केली असती, तर भूल, छाती कापणे, अतिदक्षता विभागातील दिवस या सर्वांचा दोष बिचाऱ्या ग्रंथीच्या अभावावर गेला असता. येथे ते सारे दोन्ही गटांच्या वाट्याला आले होते, आणि उरलेला प्रमुख फरक थायमसचा होता. पाच वर्षांनंतर थायमस काढलेल्यांपैकी ८.१ टक्के दगावले होते, तर ती शाबूत असलेल्यांपैकी २.८ टक्के, कर्करोगाचे प्रमाण ७.४ टक्के विरुद्ध ३.७ टक्के होते. तुलनेच्या गटात हृदयविकारामुळेच छाती उघडावी लागलेली माणसे होती, आणि तरीही तीच अधिक जगली, हे लक्षात घेतल्यावर या आकड्यांची धार अधिकच जाणवते. शस्त्रक्रियेआधीच संसर्ग, कर्करोग किंवा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्यांना वगळून केलेल्या हिशेबात ऑटोइम्यून आजारांचे प्रमाणही १२.३ टक्के विरुद्ध ७.९ टक्के निघाले.

त्यातील एका लहान उपगटाचे रक्त, शस्त्रक्रियेनंतर सरासरी १४.२ वर्षांनी, तपासले गेले. थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या टी-पेशीत डीएनएचा एक गोलाकार तुकडा उरलेला असतो, आणि पेशी दुभंगत गेल्या की तो वाटला जाऊन विरळ होतो. म्हणून त्या तुकड्यांची मोजणी म्हणजे नव्या टी-पेशी किती तयार होत आहेत याचा पुरावा. सीडी-४ या प्रकारच्या टी-पेशींत एका मायक्रोग्रॅम डीएनएमागे ही संख्या थायमस असलेल्यांत सरासरी १४५१, आणि नसलेल्यांत ५२६ भरली. प्रौढांची थायमस म्हणजे चरबीचा गोळा, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तरपत्रिकेत लिहिले आणि त्यावर गुण मिळवले. तो गोळा चाळिशी-पन्नाशीनंतरही काम करीत होता.

या अभ्यासावर एक आक्षेप रास्त आहे. कोणाची ग्रंथी काढायची हे येथे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. ज्यांची काढली, त्यांची काढण्यामागे गाठ, संशयित सावली किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार, असे काही कारण असणार, आणि त्या कारणानेच पुढचे मृत्यू ओढवले असणे अशक्य नाही. संशोधकांनी निरनिराळ्या वगळण्या करून हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला असला, तरी मागे वळून वाचलेल्या नोंदींना चाचणीची सर येत नाही. मात्र हाच आक्षेप घेणारे शल्यविशारद, धडधडत्या हृदयावरच्या बायपासचे गोडवे कोणत्या पुराव्यावर गात होते, हेही विचारायला हरकत नाही.

प्रौढांच्या आकड्यांवरून बाळांचे भविष्य वर्तवता येत नाही, हे खरे. परंतु बाळांचे स्वतंत्र पुरावेही आहेत, आणि ते त्याच दिशेला बोट दाखवतात. २००९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी, लहानपणी हृदयशस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या तरुणांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी ज्यांना सायटोमेगॅलो हा, बहुतेकांच्या शरीरात निपचित राहणारा विषाणू आधीच लागलेला होता, त्यांच्या टी-पेशींचे चित्र पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांसारखे दिसले. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात, वयाच्या पाच वर्षांच्या आत थायमस काढलेल्यांत जंतुसंसर्ग आणि थायरॉइड मंदावण्याचे प्रमाण अधिक आढळले. दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य मुले इतर मुलांप्रमाणेच शाळेत जातात, सर्दी-खोकल्यातून उठतात आणि मोठी होतात. ग्रंथीचा तुकडा मागे राहिला असेल तर तो काही वर्षांत पुन्हा वाढल्याचेही दिसले आहे. हृदयातील छिद्र तसेच ठेवण्यापेक्षा थायमस गमावणे कितीतरी परवडते, आणि या लेखाचा आधार घेऊन कोणी बाळाची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली, तर तो शुद्ध अविचार ठरेल.

डिस्चार्ज कार्डावर न होणाऱ्या थायमसच्या नोंदीचे महत्त्व कळायला हृदय आणि थायमस यांचे नाते आणखी एका टोकाकडून पाहावे लागते. गर्भात या दोन्हींची जडणघडण लगतच्याच भागात होते, आणि २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गहाळ असला, तर ज्याला डायजॉर्ज सिंड्रोम म्हणतात तो विकार होऊन, फॅलोची टेट्रालॉजी किंवा ट्रंकस आर्टेरिओसससारख्या हृदयदोषाबरोबर थायमसही खुरटी किंवा मुळीच नसलेली असू शकते. अशा बाळाला साधे रक्त दिल्यास, दात्याच्या जिवंत लिम्फोसाइट पेशी बाळाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा धोका असतो, म्हणून त्याला किरणोत्सर्गाने त्या पेशी निकामी केलेले रक्त द्यावे लागते. म्हणजे छाती उघडणारा शल्यविशारद हा त्या बाळाची थायमस डोळ्यांनी पाहणारा बहुधा पहिला आणि शेवटचा माणूस असतो, आणि ‘थायमस आढळली नाही’ हे त्याचे तीन शब्द निदानाइतके मोलाचे ठरतात. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात लुईस मार्कर्ट यांनी तर हृदयशस्त्रक्रियेत इतर बाळांची काढून टाकलेली थायमसच जमा केली, तिच्या चकत्या प्रयोगशाळेत जोपासल्या आणि थायमसविना जन्मलेल्या बाळांच्या मांडीच्या स्नायूत त्या रोवल्या. या उपचाराला तेथील औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्यूकमध्येच एका बाळावर हृदयाचे रोपण झाले आणि पाठोपाठ त्याच दात्याच्या थायमसच्या ऊतींचेही, जेणेकरून वाढणाऱ्या टी-पेशींनी नव्या हृदयाला आपलेच मानावे.

महाराष्ट्रातील पालकांपुढे याहून साधा, लस कधी द्यायची हा प्रश्न उभा राहतो, आणि तोही अंगणवाडीच्या तपासणीत बाळाच्या हृदयातील खरखर ऐकू येऊन, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या कागदांवर ज्यांची शस्त्रक्रिया विनामूल्य झाली, त्या पालकांपुढे अधिक. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, आणि पुष्कळ शस्त्रक्रियाही याच वयाच्या आसपास होतात. शस्त्रक्रियेत चढवलेल्या रक्तासोबत दात्याची प्रतिपिंडेही येतात आणि ती लशीतील दुबळ्या विषाणूला रुजण्याआधीच गारद करतात. म्हणून अमेरिकी लसीकरण मार्गदर्शनात लाल पेशी दिल्यावर ६ महिने आणि प्लाझ्मा किंवा प्लेटलेट दिल्यावर ७ महिने थांबायला सांगितले आहे. ही गोष्ट गावच्या आरोग्यसेविकेला कोणी सांगायची? तिच्यासमोर बाळ असते, लसीकरणाचे कार्ड असते आणि शस्त्रक्रियेचा व्रण असतो. रक्त कोणत्या तारखेला आणि कोणते दिले, हे तिला दिसत नाही. ती नेमाने लस देते, कार्डावर खूण करते, आणि लस वाया गेल्याचे कळते तेव्हा २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आला तसा गोवर दारात आलेला असतो. अशा साथीत थांबायचे की लस लगेच द्यायची, हा निर्णय बालरोगतज्ज्ञाचा. पण तो घ्यायलाही तारीख लागते.

डिस्चार्ज कार्डाचा विषय निघाल्यावर या स्तंभाचा तोल जातो, अशी वाचकांची तक्रार आहे, आणि ती निराधार नाही. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांची जी कार्डे वाचकांनी वेळोवेळी दाखवली, ती मोजकी आहेत आणि त्यांवरून राज्याचा निवाडा करणे धाडसाचे होईल. तरीही त्या सर्वांवर फुरोसेमाइड या औषधाचे थेंब किती वेळा द्यायचे, टाके कधी काढायचे आणि पुढच्या भेटीत कोणते कागद आणायचे हे ठळकपणे छापलेले होते, आणि थायमस पूर्ण काढली, अर्धी काढली की ठेवली, याबद्दल अवाक्षर नव्हते. काही रुग्णालये ही नोंद शस्त्रक्रियेच्या तपशीलवार टिपणात ठेवतात. ते टिपण रुग्णाला आपोआप मिळत नाही, मागावे लागते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्याच नियमांप्रमाणे दाखल रुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षेच जपून ठेवावी लागतात. मॅसॅच्युसेट्समधील रक्ततपासणी शस्त्रक्रियेनंतर सरासरी १४ वर्षांनी झाली, पॅरिसमधील मुले तपासणीपर्यंत विशीत पोहोचली होती, आणि आज साताऱ्याच्या किंवा नंदुरबारच्या ज्या बाळाची छाती शिवली गेली, त्याची बालवाडीतील वर्षे संपण्याआधीच त्याच्या थायमसविषयी लिहिलेला एकमेव कागद रद्दीत टाकायला रुग्णालय मोकळे असेल.